नाश्ता सव्वादहाला

मुलांनो, आम्हा आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तुमच्या बाबांनी तिकडे परदेशात बसूनच आमच्यासाठी एका हॉटेलात दोन दिवसांची खोली ठरवली. फोनवर मी ‘अरे वा’ म्हटलं. फोन ठेवल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती ही, की तिथून आपले डॉक्टर किती लांब पडतील.

आजोबांना मधुमेह आहे हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यांची साखर वाढली तर मी फारशी घाबरत नाही. वाढलेली साखर हळूहळू त्रास देते, आपल्याला काही करायला वेळ मिळतो. मला भीती वाटते ती साखर एकदम उतरण्याची. काही वर्षांपूर्वी एका सकाळी ते बेसिनपाशी ब्रश हातात धरून नुसते उभे होते. मी म्हटलं, “अहो, घासा की दात.” त्यांनी ब्रशकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोन्हींकडे सारख्याच कोऱ्या नजरेने पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी धावत येऊन साखरेचं पाणी पाजलं आणि थोड्या वेळात ते पूर्ववत झाले. डॉक्टर जाता जाता म्हणाले, “वेळेवर लक्षात आलं म्हणून. बेशुद्ध झाल्यावर पाजताही येत नाही.” ते सहज बोलले, पण माझ्या कानातून ते वाक्य गेलेलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या फ्रिजवर वेळापत्रक लागलं. मी आयुष्यभर एका कॉलेजच्या परीक्षा विभागात होते आणि वेळापत्रक लावणं हेच माझं काम होतं. एकाच मुलाचे दोन पेपर एका वेळी आले तर त्याला आम्ही ‘क्लॅश’ म्हणायचो. माझ्या कारकिर्दीत एकही क्लॅश झाला नाही, आणि निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी नेमकं तेवढंच सांगितलं. त्याच पद्धतीने मी आजोबांचा दिवस लावला. साडेसातला गोळी, ती साखर उतरवते म्हणून लगेच पावणेआठला नाश्ता, अकराला ताक, साडेबाराला जेवण. आजोबा त्याला ‘फर्मान’ म्हणतात, पण पाळतात. मीच त्यांना बजावून ठेवलं होतं, “घड्याळ बघायचं आणि गोळी घ्यायची. भूक आहे की नाही, बरं वाटतंय की नाही, असला विचार आपण करायचा नाही. तो मी केलेला आहे.”

तर आम्ही कर्वेनगरहून टॅक्सीने निघालो. स्वारगेटच्या चौकात बराच वेळ अडकलो. आजोबा तिथून वर्षानुवर्षं सहा पन्नासची एस.टी. पकडून तालुक्याच्या गावी नोकरीला जात, त्यामुळे तिथे अडकलं की ते खुशीत येतात. ड्रायव्हरला त्यांनी जुन्या फलाटांची माहिती दिली. त्याने मागितली नव्हती.

हॉटेल म्हणजे इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाने हवापालटासाठी बांधलेला बंगला. तेव्हा भोवती शेतं होती. आता ते गाव महापालिकेत आलं आहे आणि फाटकासमोर बारा मजली इमारती आहेत. आत मात्र दहा-बारा एकर झाडी तशीच ठेवली आहे. दाराशी दोन दगडी सिंह, त्यातल्या एकाला नाक नाही. आत शिसवी जिना, भिंतींवर शिकारीचे पिवळे पडलेले फोटो. आमच्या खोलीचं छत इतकं उंच होतं की आजोबा म्हणाले, “वर एक भाडेकरू सहज मावेल.”

स्वागताला उभ्या असलेल्या मुलीने इंग्रजीत विचारलं, प्रवास कसा झाला. आजोबा मराठीत म्हणाले, “प्रवास कसला? आम्ही याच गावात राहतो.” ती हसली. तेव्हापासून तिथल्या सगळ्यांनी त्यांना विनोदी गृहस्थ म्हणून नोंदवून ठेवलं. हे मी मुद्दाम सांगते आहे.

स्पा जुन्या तबेल्यात होता. आजोबा म्हणाले, “पूर्वी इथे घोड्यांना खरारा करायचे, आता माणसांना करतात.” तिथेही सगळे हसले. आम्हा दोघांना दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ मिळाली. स्पाच्या बाईंनी सांगितलं की आधी दोन तास काही खायचं नाही. मी विचारलं, एखादं बिस्किट? त्या म्हणाल्या, शक्यतो नको, मॅडम.

मी खोलीत आले, टेबलाच्या खणातून हॉटेलचा कागद घेतला आणि दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक लिहिलं. साडेसहाला बिनसाखरेचा चहा. साडेसातला गोळी. नऊला स्पा. सव्वादहाला नाश्ता. नाश्ता मी पावणेआठवरून उचलला आणि सव्वादहाला ठेवला. गोळी होती तिथेच राहिली.

तुम्ही वाचताना थांबला असाल. मी लिहिताना थांबले नाही. कागद सुरेख होता, रेघा सरळ आल्या होत्या, आणि मी तो आरशाच्या कडेला खोचून ठेवला.

सकाळी सगळं कागदाप्रमाणे झालं. साडेसात वाजता आजोबांनी माझ्यासमोर गोळी घेतली. मग आम्ही बागेत फेऱ्या मारल्या. ते नेहमीपेक्षा कमी बोलत होते, पण मला वाटलं झाडं बघताहेत. नऊला पाच कमी असताना तबेल्याशी पोचलो. तिथे तब्येतीचा फॉर्म भरायचा होता. आजार कोणते? मी दोघांचेही फॉर्म भरले. आजोबांच्या फॉर्मवर लिहिलं, ‘मधुमेह, पूर्ण नियंत्रणात.’ ते आधी वाफ घ्यायला डावीकडे पुरुषांच्या बाजूला गेले, मी मालिशसाठी उजवीकडे.

मला बांगड्या, घड्याळ, चष्मा, मंगळसूत्र सगळं काढून एका कपाटात ठेवायला सांगितलं आणि एक जाडसर पांढरा झगा दिला. टेबलावर पालथं झोपायचं होतं. चेहऱ्यासाठी टेबलाला भोक असतं, आणि त्यातून खाली फक्त एक पितळी घंगाळ दिसत होतं, पाण्यात फुलं. मालिश करणारी मुलगी ईशान्येकडची होती, हात फार हलके. घड्याळ कुठेच नव्हतं. वेळ कळत नसली की मला बेचैन होतं, म्हणून मी मनात अंदाज करत होते. आता साडेनऊ झाले असतील. आता पावणेदहा. आता आजोबांची वाफ संपली असेल.

कुठूनतरी भाजलेल्या ब्रेडचा वास आला. मी मनात म्हटलं, बरं झालं, नाश्ता तयार होतोय, त्यांना भूक लागली असेल, सकाळपासून काही पोटात नाही. आणि मग, काही पोटात नाही आणि गोळी घेतलेली आहे, हे दोन विचार एकमेकांशेजारी येऊन उभे राहिले.

मी उठले. ती मुलगी म्हणाली, “मॅम, अभी आधा बाकी है.” मी झगा ओढून बाहेर आले. माझ्या पर्समध्ये नेहमी ग्लुकोजचा डबा असतो, आणि पर्स कपाटात होती. कपाटाच्या कुलपाला आकडे जुळवावे लागत होते, आणि ते दिसायला लागणारा चष्मा आत होता. मी बोटांनी आकडे फिरवत राहिले. हात तेलकट, काही धरता येईना. शेवटी त्या मुलीला आकडे सांगितले, तिने कपाट उघडलं. चष्मा घातला, डबा घेतला, आणि पुरुषांच्या बाजूचं दार ठोकलं.

तिथला माणूस हसतच बाहेर आला. “सर तो कब के चले गए, मॅडम.”

“कुठे गेले?”

“पाँच मिनट स्टीम में बैठे, फिर बोले, स्वारगेट की गाड़ी छूट जाएगी. कपड़े पहने और निकल गए.” आणि तो पुढे म्हणाला, “सर बहुत मज़ाक करते हैं. हम लोग इतना हँसे.”

“किती वेळ झाला?”

“बीस मिनट. शायद पच्चीस.”

त्याची चूक नव्हती. आदल्या दिवसापासून जो माणूस प्रत्येक वाक्याला खवचट उत्तर देत होता, तो भ्रमात बोलतोय हे कोणाला कळणार होतं?

मी बाहेर पळाले. या वयात पळणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगत नाही. पायात कागदासारख्या सपाता होत्या, त्यातली एक पायरीवरच राहिली. आधी फाटकाकडे गेले, कारण त्या बाजूला रस्ता आहे आणि रस्त्यावर डंपर जातात. पहारेकरी म्हणाला, कोणी आजोबा बाहेर गेले नाहीत. नक्की? नक्की. मग मागे वळले. मागे बाग, बागेपलीकडे तळं, आणि आदल्या दिवशी आम्हाला कौतुकाने दाखवलेली जुनी विहीर. कठडा गुडघ्याएवढा. मॅनेजर मागून येत होते आणि अतिशय सभ्य आवाजात सांगत होते की काळजी करू नका, परिसर पूर्ण सुरक्षित आहे. मी विचारलं, “विहिरीवर जाळी आहे का?” ते थांबले. म्हणाले, “मी विचारून सांगतो.”

मी हिरवळीच्या मधोमध उभी राहून हाक मारली, “अहो!”

तीन माणसांनी माना वळवल्या. एक पेपर वाचत होते, एक नातवाला झोका देत होते, एक पहारेकरी. पुन्हा ओरडले, “अहो!” पुन्हा तेच तिघे. तेव्हा मला कळलं की पन्नास वर्षांत मी ज्या शब्दाने त्यांना बोलावलं, त्या शब्दाने इथे कोणीही ओ देऊ शकतो. मग मी त्यांचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, बँकेत आणि दवाखान्यात घेते, पण हाक म्हणून कधीच नाही. पूर्ण नाव, आडनावासकट, हजेरी घ्यावी तसं. आवाज फाटला. कोणी ओ दिली नाही.

दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा विहिरीच्या अंगाने, कुंड्या रचून ठेवल्या होत्या तिकडून, एका बाईचा आवाज आला. “आज्जी! हिकडं हायती! हिकडं या!”

विहिरीच्या बाजूने आवाज आला एवढंच मला कळलं, आणि तिथपर्यंतचं अंतर मी कसं गेले ते आठवत नाही.

आजोबा रोपवाटिकेच्या शेडमध्ये एका पालथ्या कुंडीवर बसले होते. शर्टाची बटणं एक सोडून एक लावलेली. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा पिठासारखा पांढरा. बागकाम करणारी एक बाई, पन्नाशीची, त्यांच्या पाठीमागे उभी राहून त्यांना स्वतःच्या पोटाशी टेकवून धरून होती, आणि दुसऱ्या हाताने स्टीलच्या पेल्यातला चहा त्यांच्या ओठांशी लावत होती.

“च्या पाजतीया,” ती म्हणाली. “घामानं न्हायलं हुतं, हात कापत हुता. माझ्या सासूचं बी असंच हुतंय. म्हनलं साखर उतरलीया. चार चमचं घातल्यात. तुम्ही घरच्या नव्हं?”

मी मान हलवली. डबा उघडून ग्लुकोज त्यांच्या गालात बोटाने लावलं, वरून चहाचा घोट. ते गिळत होते. गिळताहेत हे बघून मला पहिल्यांदा श्वास आला. मी म्हटलं, “अहो, मी आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार सभ्यपणे म्हणाले, “बाई, सहा पन्नासची गेली का हो?”

मी म्हटलं, “नाही. अजून लागायची आहे.”

“मग बरं,” म्हणाले, आणि डोळे मिटले.

“डोळं नका मिटू द्यू,” बाई म्हणाली. “बोलत ऱ्हावा, आज्जी.”

मी बोलत राहिले. काय बोलले, ते विचारू नका. तुमची नावं घेतली, तुमच्या बाबांचं नाव घेतलं, फलाटांची नावं घेतली. ते कधी हं म्हणत, कधी नाही. आठ-दहा मिनिटं असतील. तेवढ्या वेळात मी माझ्या डोक्यात दवाखाना केला, तुमच्या बाबांना फोन केला, विमानाच्या वेळा बघितल्या, आणि रिकाम्या घराचं कुलूप उघडून आत गेले. आणि हे सगळं होत असताना फ्रिजवरचा कागद मला दिसत होता. फ्रिजवरचा बरोबर होता. आरशाला खोचलेला चूक होता.

मग त्यांनी डोळे उघडले आणि माझा झगा, तेलाने चिकटलेले केस, एक अनवाणी पाय हे सगळं नीट बघितलं. म्हणाले, “हा काय अवतार?”

मी त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती म्हणाली, “आता का रडताय? आता बोलायला लागलं की आजोबा.” आणि मग मॅनेजरांकडे वळून, “सायेब, त्या हिरीला जाळी टाका म्हनून म्या दोनदा सांगितलंय. जमीन इकली त्याच्या आदी आमच्या सासऱ्याची हीर हुती ती, मला ठावं हाय किती खोल हाय.” मॅनेजर म्हणाले, “हो हो.”

हॉटेलच्या ओळखीचे डॉक्टर आले. साखर तपासली, वर येत होती. त्यांनी खोलीत पराठे मागवून समोर खायला लावले, दिवसभर दर दोन तासांनी तपासायला सांगितलं. मग मला विचारलं, “गोळी घेऊन उपाशी राहिले का?”

मी म्हणाले, “त्यांनी गोळी आधी घेतली, डॉक्टर. मी स्पामध्ये होते.”

एकेक शब्द खरा होता. डॉक्टर आजोबांना म्हणाले, “असं करू नका, आजोबा.” आजोबा म्हणाले, “बरं.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना वाफेमुळे चक्कर आली असं सांगितलं. तुम्हालाही तेच सांगितलेलं असणार.

दुपारी ते पलंगावर पडून होते. मी आरशाचा कागद काढला, घडी करत होते. ते म्हणाले, “फाडतेस?”

“चुकला होता.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “सकाळीच दिसलं मला. साडेसात नि सव्वादहा. म्हटलं, अंतर जरा जास्त होतंय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू लिहिलं होतंस ना.”

मुलांनो, विहिरीकडे पळताना मला जी भीती वाटली ती मोठी होती, पण ती पराठ्यांबरोबर ओसरली. ही दुसरी भीती ओसरलेली नाही. त्यांना दिसलं होतं. डोकं ठिकाणावर होतं तेव्हा दिसलं होतं, आणि माझ्या अक्षरापुढे त्यांनी स्वतःच्या पोटाचंही ऐकलं नाही. हे मीच त्यांना शिकवलं.

ऑफिसात माझं वेळापत्रक माझ्या एकटीच्या सहीने कधीच लागत नसे. दुसऱ्या टेबलावरचे एक गृहस्थ ते पेन्सिल घेऊन तपासत. फार किटकिटे, आणि मला त्यांचा राग यायचा. क्लॅश झाला नाही तो निम्मा त्यांच्यामुळे, हे प्राचार्यांनी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. म्हणून घरी आल्यावर मी आजोबांना म्हटलं, दर रविवारी मी पुढच्या आठवड्याचा कागद लिहीन, तुम्ही तपासून सही करायची. ते तयार झाले. सही करू लागले.

तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम चूक केली. बुधवारचा नाश्ता अकराला टाकला. त्यांनी चष्मा लावला, कागद हातात धरला आणि सही केली. मी म्हटलं, “वाचलंत का?” म्हणाले, “वाचायचं काय? अक्षर ओळखतो मी तुझं.” मी बुधवारवर बोट ठेवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि ते म्हणाले, “आता माझी परीक्षा घेतेस होय?” विनोद केला त्यांनी. मला हसू आलं नाही. हल्ली मी कणकेत मीठ दोनदा घालते. गॅस बंद केला की नाही हे बघायला जिन्यातून परत येते. मुद्दाम न केलेली चूक कोणत्या रविवारी येईल हे मला माहीत नाही, आणि ती आली तर आमच्या घरात तिला अडवणारं कोणी नाही.

तर यापुढे दर रविवारी मी त्या कागदाचा फोटो तुम्हा दोघांना पाठवीन. तुमच्याकडे तेव्हा सकाळ असते. तुम्हाला मराठी अजून अक्षर-अक्षर लावत वाचावं लागतं, याबद्दल तुम्ही दोघंही ओशाळता, आणि तुमचे बाबा तुम्हाला हसतात. हसू देत. घाईने वाचणाऱ्याला चूक दिसत नाही. तुम्ही सावकाशच वाचा. प्रत्येक गोळीच्या खाली बघा, पंधरा मिनिटांत खाणं लिहिलं आहे का. नसेल तर मला लगेच फोन करा, मी काहीही करत असले तरी. आजी चुकली असं स्पष्ट म्हणा. मला वाईट वाटेल, ते वाटू द्या. आणि आजोबांना आधी सांगू नका, मला सांगा, कारण ते म्हणतील की आजीने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.